पाणी कुणी तपासलं

मला रंग नीट दिसत नाहीत. लाल आणि हिरव्यात माझी गल्लत होते, निळा आणि जांभळा मला एकच वाटतात, आणि काळ्यावर लाल काही असलं तर ते मला दिसतच नाही. पन्नाशीला आलो, पण हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती दुकानात दोन साड्या समोर धरते आणि विचारते, "कुठली घेऊ?" मी म्हणतो, "तुला शोभेल ती." आपला नवरा रसिक नाही, पण स्वभावाने मोकळा आहे, असं ती इतकी वर्षं समजते. यातलं पहिलं खरं आहे.

आज हे लिहितोय ते सरांसाठी. सरांनी माझ्यासाठी जे केलं ते सांगायचं तर आधी माझ्या डोळ्यांचं सांगावं लागतं. डोळ्यांचं सांगायचं नव्हतं, म्हणून सरांचंही राहून गेलं.

सर नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. लोक निवृत्त झाले की क्लास काढतात, सरांनी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान काढलं. "पोरांना शिकवून बघितलं," ते म्हणायचे, "मासे निदान न कळता मान तरी डोलवत नाहीत." सकाळी शटर उघडलं की आधी प्रत्येक टाकीसमोर उभं राहून चौकशी व्हायची. माशांना अहो-जाहो, गिऱ्हाइकांना अरे-तुरे. "काय म्हणता, झोप झाली का?" हे एंजल माशाला, आणि लगेच मागे वळून, "तुला काय पाहिजे रे?" हे एखाद्या बँक मॅनेजरला.

मासे विकायला ते अजिबात तयार नसत. कुणी हौसेने नवी टाकी घ्यायला आलं की टाकी द्यायचे, फिल्टर द्यायचे, खाली घालायची रेती स्वतः धुऊन द्यायचे आणि म्हणायचे, "आता घरी जा. पाणी भर, फिल्टर चालू कर, आणि महिन्याभराने ये."

"आणि मासे, सर?"

"मासे कशाला? आधी पाणी पाळून दाखव."

गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी छताकडे. निम्मी माणसं परत यायची नाहीत, समोरच्या रस्त्यावरच्या दुकानातून पिशवीत मासे घेऊन जायची. जी परत यायची ती मात्र कायमची सरांची व्हायची.

एकदा एक जोडपं वास्तूसाठी मासे घ्यायला आलं. आठ सोनेरी आणि एक काळा, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. घरावर आलेलं संकट काळा मासा स्वतःवर घेतो म्हणे. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याच्यावर आलेलं संकट कोण घेणार?" नवरा हसला. बायको हसली नाही, ती काळ्या माशाकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी दोन काळे नेले, एकमेकांना सोबत म्हणून.

रविवारी सर मला मिसळ खायला न्यायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी आम्ल-अल्क तपासायच्या कागदाच्या पट्ट्या असत. तर्री आली की त्यात पट्टी बुडवायची, उजेडात धरायची, मग पहिला घास. मिसळवाला एकदा वैतागून म्हणाला, "सर, हात जोडतो. लोकांना वाटतं भेसळ तपासणारे आले. दोन गिऱ्हाईकं उठून गेली आत्ता."

"गेले ते भित्रे होते," सर म्हणाले. "तुझी तर्री उत्तम आहे. फक्त गेल्या रविवारपेक्षा चिंच वाढलीय."

"हो का? ती बायकोने घातली."

"बायकोला सांग, बरोबर घातलीय."

अशा माणसाच्या हाताखाली मी कसा आलो, ते सांगतो. मी मूळचा येवल्याचा. सर मला नावाने कधी हाक मारत नसत, "येवलेकर" म्हणत. घरात हातमाग होता. पैठणीच्या पदरावर पोपट विणायचा, अंग हिरवं आणि चोच लाल, आणि मी लहानपणापासून या दोन धाग्यांपुढे गोंधळून बसायचो. वडील ओरडायचे, "लक्ष कुठंय तुझं?" दिसत नाही म्हणण्यापेक्षा आवडत नाही म्हणणं मला सोपं वाटलं. पोराला मागाची लाज वाटते, असं वडील शेवटपर्यंत धरून बसले. मी नाशिकला आलो, इथेतिथे नोकऱ्या केल्या, आणि तिशी उलटल्यावर सरांच्या दुकानात लागलो. माशांचं दुकान म्हणजे काचा पुसायच्या, पाणी बदलायचं, एवढीच माझी कल्पना. रंगांपासून पळालो ते नेमका रंगांच्याच दारात येऊन उभा राहिलो.

कारण मासे पाळण्यातलं सगळं जोखमीचं काम रंगावर चालतं. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो. फिल्टरमधल्या स्पंजात जीवाणू वाढलेले असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं पुढे निरुपद्रवी काहीतरी. पण मधली साखळी तुटली की पाण्यात विष साठतं, आणि पाणी मात्र नितळच दिसत राहतं. ते कळायचा मार्ग एकच. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, आणि जो रंग येईल तो छापील कार्डाशी ताडून बघायचा. अमोनियाचं मला कसंबसं जमायचं, फिकं-गडद यावरून. नायट्राइटचं मात्र काहीच कळायचं नाही. पाणी चांगलं असेल तर निळं, वाईट असेल तर जांभळं. मला दोन्ही निळंच.

मग मी एक गोष्ट शिकलो. सरांच्या हाताखालच्या टाक्यांत नायट्राइट जवळजवळ कधीच नसायचं. त्यामुळे नळी उजेडात धरायची, थोडा वेळ विचार केल्यासारखं करायचं, आणि म्हणायचं, "शून्य." बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं. माझी नोकरी त्या बहुतेक वेळांवर चालली होती. आणि एक दिवस हे सरांना कळेल, त्या दिवशी हे दार बंद होईल, ही धाकधूक रोजची होती. कारण नाशकात मी बऱ्याच दारांतून बाहेर पडलो होतो, आणि फक्त या एका दारात मला कुणीतरी सकाळी "आलास का?" म्हणून विचारत होतं.

सरांना मित्र एकच. शरणपूर रोडवर दातांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर. दोघंही सायखेड्याचे, गोदावरीत एकत्र पोहायला शिकलेले. दर गुरुवारी सर दुपारनंतर दुकान माझ्यावर सोडून दवाखान्यात जायचे. कधी टाकीचं काम असलं की दुकान बंद करून मीही जायचो. शेवटचा पेशंट गेला की दोघं बाकावर शेजारी बसायचे आणि एकमेकांना टोचायला सुरुवात व्हायची.

"दातपाड्या, किती जणांना रडवलंस आज?"

"तुझ्या वर्गात रडायची त्याहून कमी. आणि माझे पेशंट निदान पुन्हा येतात, मास्तर."

"येणारच. अर्धवट काम करून सोडतोस ना."

समोर सरांनीच लावून दिलेली मोठी टाकी होती आणि तिच्यात ऑस्कर जातीच्या दोन माशांची जोडी. तळहाताएवढे मासे, आणि कुत्र्यासारखी ओळख ठेवायचे. डॉक्टर दिसले की काचेला नाक लावायचे आणि त्यांच्या बोटांतून दाणे घ्यायचे. घाबरून आलेली मुलं त्यांच्यासमोर बसली की सुई विसरायची. डॉक्टर त्यांना आपले असिस्टंट म्हणत. "पगार मागत नाहीत, सुट्टी घेत नाहीत," असं प्रत्येक पेशंटच्या आईला सांगत.

एका आठवड्यात दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींनी प्रेमापोटी एक काम केलं. फिल्टरचा स्पंज फारच घाण दिसतोय म्हणून तो नळाखाली साबण न लावता, पण खसाखसा चोळून लख्ख धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. स्पंजातले बरेच जीवाणू मेले, नायट्राइट पचवणारे तर सगळेच. दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, मासे खात नाहीत, वर येऊन तोंड उघडतायत. सर बँकेत गेले होते. मी दवाखान्यात जाऊन बाटलीत पाणी भरून आणलं, दुकानात थेंब टाकले, नळी दाराशी नेली. मला निळं दिसलं. मी डॉक्टरांना फोन केला, "शून्य आहे डॉक्टर. पाणी छान आहे. जास्त खाल्लं असेल, दोन दिवस उपाशी ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे आडवे पडलेले होते.

सर आणि मी गेलो. डॉक्टर आत पेशंटजवळ होते. सरांनी पाणी घेतलं, स्वतः थेंब टाकले, आणि नळी खिडकीपाशी धरून मला विचारलं, "कुठला रंग?"

मी म्हणालो, "निळा."

त्यांनी नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खूप वेळ बघितलं असं मला आज वाटतं, प्रत्यक्षात क्षणभरच असेल. "बरं," ते म्हणाले आणि नळी मोरीत ओतून टाकली.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांनी टाकीकडे बघायचं टाळलं. "काल पाणी तपासलं होतं ना? कुणी तपासलं?"

माझं तोंड उघडलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. शब्द बाहेर आला तो सरांचा. "मी."

"तू? हा तर पाणी घेऊन गेला होता."

"पाणी त्याने आणलं. तपासलं मी. माझ्या सांगण्यावरून त्याने फोन केला."

"आणि तुला शून्य दिसलं."

"चुकलो."

"तू चुकत नाहीस," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "आयुष्यभर पोरांना रंग ओळखायला शिकवलंस तू. तू बघितलंच नसशील. कंटाळा केलास. बाकीच्या गिऱ्हाइकांसारखा मी एक. दुकानदार झालास, मास्तर."

सरांनी नुसती रिकामी नळी पुसून खिशात घातली. पाण्याच्या एका आकड्यासाठी कंपन्यांशी भांडणारा माणूस तो. परतताना स्कूटर तेच चालवत होते, मी मागे. सिग्नलला थांबल्यावर फक्त इतकंच म्हणाले, "मावशींना सांगून ठेवायला हवं. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा असतो." मी "हो" म्हणालो. सबंध रस्ताभर त्यांच्या पाठीकडे बघत होतो. त्या पाठीला सांगणं तोंडाला सांगण्याहून सोपं होतं, तरी मी सांगितलं नाही.

त्या गुरुवारी सर दवाखान्यात गेले नाहीत. पुढच्याही नाही. दुपारी उठून चपला घालायचे, शटरपर्यंत जायचे, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं परत येऊन एखादी स्वच्छ टाकी पुन्हा पुसायला घ्यायचे.

काही महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं, "माझे डोळे गेले. रंग कळेनासे झालेत." चहावाल्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, मिसळवाल्यालाही सांगितलं. "आता कार्डबिर्ड बंद. मशीन घेऊ." आणि बराच खर्च करून त्यांनी पाणी तपासायचं आपोआप चालणारं यंत्र मागवलं. मला सुटल्यासारखं झालं. बिचाऱ्यांचे डोळे गेले याचं वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं झालं, हेही इथे लिहून ठेवतो.

जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी होती ती. बारीक नळीतून स्वतःच पाणी ओढायची, आपल्या पोटातलं औषध त्यात मिसळायची, आतल्या काचेच्या खिडकीतून उजेड सोडून किती पलीकडे पोचतो ते मोजायची, आणि पडद्यावर आकडा दाखवायची. सरांनी तिचं नाव ठेवलं जावईबापू. कारण महाग, घरातली सगळ्यात चांगली जागा अडवून बसणार, खायला-प्यायला ठरावीक कंपनीचंच लागणार, आणि वर बोलेल ते खरं मानायचं.

पण सरांनी ते कधी खरं मानलं नाही, आणि खोटंही नाही. पहिल्याच महिन्यात जावईबापू रोज संध्याकाळी अमोनिया वाढल्याचं सांगू लागले. मी म्हणालो, "सर, मशीन खोटं बोलतंय."

"असं म्हणू नये. त्याला काय दिसतंय ते विचारावं."

दोन संध्याकाळी सर खुर्ची टाकून पेटीसमोर बसून राहिले. मग कळलं, मावळतीचं ऊन शटरच्या वरच्या फटीतून बरोबर पेटीच्या झाकणावर येत होतं. पुठ्ठा लावला, आकडा सुधारला. एकदा नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. एकदा आदल्या टाकीचं पाणी नळीत तसंच राहिलं होतं आणि पेटी ते पुढच्या टाकीच्या नावावर सांगत होती. दर वेळी सरांची रीत एकच. आधी मासा बघायचा, मग आकडा. दोघांचं पटत नसेल तर दोघांच्या मधे काय आलंय ते शोधायचं.

मग तो दसरा आला.

दुकानात शस्त्रपूजा माझ्याकडे. सर देव मानायचे नाहीत, पण त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून येत आणि झेंडूच्या माळा स्वतः निवडून आणत. जाळ्या, पंप, कात्री, तराजू, सगळं मांडलं, आणि मधोमध जावईबापू. मी बोट ओलं करून सगळ्यांना हळद-कुंकू लावत गेलो. पेटीच्या झाकणालाही भरपूर लावलं, मनापासून. तिच्यामुळे माझी नोकरी टिकली होती, माझ्याइतका तिचा भक्त कोण? मागून सर म्हणाले, "ओवाळ, हरकत नाही. पेढा भरवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टाकीत नायट्राइट. दुसरीत नायट्राइट. तिसरीतही. डोळ्यासमोर ते दोन आडवे मासे आले.

"सर, सगळ्या टाक्यांत विष झालंय!"

"सगळ्या? एका रात्रीत?" सर टाक्यांसमोरून फिरून आले. "हे तर न्याहारी मागतायत. अमोनिया किती दाखवतंय?"

"अमोनिया शून्य."

"हं." ते काउंटरमागे बसले. "बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर घेऊन ये."

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणलं. त्यात मासा नाही, घाण नाही, काहीच नाही. पेटीने ओढून घेतलं, गुरगुर केली आणि पुन्हा नायट्राइट दाखवलं.

"म्हणजे पाणी निर्दोष," सर म्हणाले. "आता औषध बदल."

औषधाची नवी बाटली लावली. तोच आकडा. नळी बदलली. तोच. "आता आतली खिडकी बघ. टॉर्च घे."

मी झाकण उघडलं. आत काळी खाच, तिच्यात छोटी काच. टॉर्च मारला. "स्वच्छ आहे, सर."

"कापसाने पूस."

"पुसलं. काही लागलं नाही."

"पुन्हा बघ."

"स्वच्छच आहे. शपथ."

सर जागेवरूनच बघत होते. चष्मा वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला होता. दुकानाच्या त्या टोकाला बसून, न उठता ते म्हणाले, "अरे, ते काय, डाव्या कडेला. कुंकू आहे ना एवढं लालभडक."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही आपण काय बोलून बसलो ते कळलं होतं. त्यांनी घाईने चष्मा चढवला आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

"सर," मी म्हणालो, "तुमचे डोळे..."

"आज जरा बरे आहेत," वर्तमानपत्रामागून उत्तर आलं.

मग ते उठून आले. माझं बोट धरलं, त्याला कापूस गुंडाळला, आणि ते बोट त्या खाचेत नेमकं डाव्या कडेला टेकवलं. "इथे. आता पूस." मी पुसलं. कापसावर डाग उमटला तेव्हा पांढऱ्यावर तो मलाही दिसला. माझ्याच ओल्या बोटाचं कुंकू झाकणाच्या फटीतून आत ओघळलं होतं.

"अमोनियासाठी हा लाल उजेड सोडतो," सर समजावू लागले, वर्गात समजावत तसं. "लाल कुंकू लाल उजेडाला अडवत नाही, म्हणून अमोनिया बरोबर आला. नायट्राइटसाठी हिरवा उजेड. तो कुंकवाने खाल्ला. पलीकडे पोचला नाही, तर याला वाटलं पाण्यानेच खाल्ला." पुन्हा तेच डिस्टिल्ड वॉटर लावलं. शून्य. सरांनी पेटीवर हात ठेवला. "याची चूक नाही. आपल्या डोळ्यावर काय आलंय ते ज्याचं त्याला कसं दिसणार? ते दुसऱ्याने बघायचं आणि बोभाटा न करता पुसून टाकायचं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. पेटीकडेच बघत होते.

"आणि पुढच्या वर्षी कुंकू वायरला लाव," ते म्हणाले. "जावयाच्या डोळ्यात घालू नकोस."

त्यानंतर मला एकेक दिसायला लागलं, जे कधीपासून समोर होतं. दोन औषधांच्या बाटल्या फक्त टोपणाच्या रंगाने वेगळ्या ओळखू यायच्या, त्यातल्या एकीला रबरबँड होतं. मी समजायचो सरांची काहीतरी सवय. आजारी माशांच्या टाकीवर लाल खूण असायची, तिथे आता ठळक फुली होती. गिऱ्हाईक "तो केशरी मासा द्या" म्हणालं की सर कुठूनतरी ओरडायचे, "येवलेकर, वरून दुसरी टाकी!" ही सगळी व्यवस्था त्या निळ्या नळीच्या दिवसानंतर हळूहळू झाली होती. आणि मशीन ज्याच्यासाठी आलं होतं त्याला वाटत होतं, ते सरांसाठी आलंय. स्वतःचे चांगले डोळे त्यांनी गावभर आंधळे ठरवले, मला कुणी विचारू नये म्हणून.

आम्ही यावर कधी बोललो नाही. मी दोनदा प्रयत्न केला. "सर, डॉक्टरांकडे एकदा जाऊन यावं म्हणतो," एवढं म्हणालो की ते म्हणायचे, "आधी चहा सांग." मी चहा सांगायला बाहेर पडायचो. खरं सांगायचं तर बाहेर पडायला मिळालं म्हणून मला बरंच वाटायचं.

आता सरांचे गुडघे दुखतात. दुकान त्यांनी मला चालवायला दिलं. "पाणी तुला येतं," असं म्हणून किल्ली दिली. इतकं मोठं प्रमाणपत्र मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. ते इंदिरानगरला मुलाकडे असतात, खिडकीत एक छोटी टाकी आहे, सुनेने भाजीत मीठ किती घातलं ते वासावरून सांगतात आणि बोलणी खातात. माझं घर त्या दुकानावर उभं आहे. मुलीचं शिक्षण त्यावर झालं. सकाळी शटर वर करताना मी त्यांच्यासारखाच टाक्यांसमोर उभा राहतो आणि चौकशी करतो, आधी हसू यायचं, आता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात भाजी बाजारात डॉक्टर भेटले. केस पूर्ण पांढरे झालेत. मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होते. मला बघून थांबले. मग म्हणाले, "काय रे, तुझ्या मास्तरला दिसतं का आता?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

"डोळे गेले होते म्हणे त्याचे. मला कुणाकुणाकडून कळलं." त्यांनी जुडी परत ठेवली. "तेव्हाच गेले असणार. म्हणून रंग कळला नाही. सांगायचं ना मला सरळ! मी असा बोललो नसतो. पण त्याचा अहंकार. दिसत नाही म्हणायची लाज वाटली त्याला."

भाजीवाली म्हणाली, "साहेब, घ्यायची हाय का नाय मेथी?" डॉक्टरांनी घेतली. पिशवी हातात घेऊन ते जरा वेळ तसेच उभे राहिले. मी बोलेन असं त्यांना वाटत असावं. सगळं माझ्या तोंडाशी होतं. लाज वाटली होती ती कुणाला, दिसत नव्हतं ते कुणाला, हे सांगायला मला पाच-सहा शब्द लागले असते. मी विचारलं, "दवाखाना चालू आहे ना, डॉक्टर?"

"अर्धा दिवस," ते म्हणाले. "टाकी काढून टाकली. गुरुवारी बंद ठेवतो."

ते गेले. मी पालक घेतला, जो मला नको होता.

पूर्वी माझी सबब अशी होती की गिऱ्हाइकांना कळलं तर पोटावर पाय येईल. आता तीही उरलेली नाही. पाणी पेटी तपासते, आणि पेटी कधी चुकली तर तिचं काय बिघडलं ते शोधायला मला सरांनी शिकवलंय. आता उरलीय ती नुसती लपवायची सवय, आणि दोन म्हातारी माणसं एकाच गावात माझ्यामुळे एकमेकांवाचून बसलीयत. सरांना हे वाचायला दिलं तर ते म्हणतील, आधी चहा सांग. त्यांचे उपकार फेडायची भाषा मी करत नाही. ते फिटणारे नाहीत आणि त्यांना ती भाषा आवडणारही नाही.

पण डॉक्टरांचं देणं वेगळं आहे. ते पाणी सरांनी नाही, मी तपासलं होतं, आणि मला रंग दिसत नाहीत, हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.